वजन राखण्याचा प्रकल्प: कंट्रोल चार्ट, तेलाचा डबा आणि सणवार

23 जून 2025, सोमवार

आजपासून दुसरा टप्पा सुरू. पहिल्याची नोंद थोडक्यात: गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात, बारा आठवडे, रोज साधारण 850 कॅलरी. जेवणाऐवजी पावडरचं पेय, भरपूर पाणी, जोडीला वाटीभर बिनतेलाची भाजी. वजन 81.6 वरून 69.4. उंची 158 सेंमी. मधुमेहाची गोळी डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी बंद केली, बीपीवर लक्ष ठेवलं. (कुणी हे वाचून उद्यापासून सुरू करणार असेल तर आधी डॉक्टर. गोळ्या चालू ठेवून इतकं कमी खाल्लं तर साखर नाहीतर बीपी धाडकन खाली येऊ शकतं.)

ही पद्धत ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीतली. ग्लासगो आणि न्यूकॅसलच्या मंडळींनी केलेली, 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षाअखेर 46 टक्के लोकांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात होता. दोन वर्षांनी 36 टक्के. पाच वर्षांनी, ज्यांचा पाठपुरावा चालू होता त्यांच्यात, 13 टक्के. पहिला आकडा सगळ्या बातम्यांत येतो, शेवटचा सहसा कुणी सांगत नाही. मला काम करायचंय ते शेवटच्या आकड्यावर.

चाकणच्या कारखान्यात क्वालिटीत काम करते. नवा पार्ट पहिल्यांदा मापात बसवला की सगळे पेढे खातात. तो रोज, तिन्ही पाळ्यांत मापात निघत राहावा म्हणून मात्र कंट्रोल प्लॅन लागतो. वजन उतरवताना माझ्याकडे पत्रक होतं, भेटीची तारीख होती, पावडरची पाकिटं मोजलेली होती. पुढच्यासाठी "आता नीट खा हं" एवढंच. म्हणून ही वही.

पहिले आठ आठवडे जेवण टप्प्याटप्प्याने परत आणायचं. दर दोन आठवड्यांनी एका पेयाच्या जागी चारशेच्या आतबाहेर कॅलरीचं एक जेवण. सुरुवात दुपारच्या डब्यापासून.

25 जून

आधी गेज, म्हणजे वजनकाटा, तपासला. बाथरूमसमोरच्या फरशीवर काटा ठेवला तर 69.3, तिथूनच वीतभर सरकवून सांध्यावर ठेवला तर 69.7. घरातल्या घरात 400 ग्रॅम! कपाटाशेजारची सपाट फरशी निवडली, पायांच्या जागी मार्करने खुणा केल्या. त्याच जागी पाठोपाठ वजन घेतलं तर फरक 100 ग्रॅमच्या आत. लेकीचे डंबेल ठेवूनही पाहिलं, ठीक आहे.

नियम: सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी, त्याच गाऊनमध्ये. रोज.

1 जुलै

डब्यात पोळी-भाजी सुरू होऊन आठवडा होतोय आणि वजन 70.7. सासूबाई म्हणाल्या, "बघ, पोळी लागली लगेच अंगाला."

पोळी लागली नाही, पाणी लागलं. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनचा साठा असतो, साधारण 400-500 ग्रॅम. कमी खाताना तो रिकामा होतो. धान्य परत पोटात गेलं की भरतो आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर अंदाजे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. म्हणजे किलो-दीड किलो चरबी न वाढताच काट्यावर येणार. सव्वा किलो चरबी सात दिवसांत चढवायची तर गरजेपेक्षा नऊ-दहा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील. मी डब्यात दोन पोळ्या नेते.

हे लिहून ठेवते कारण याच आठवड्यात बरेच जण हात टेकतात. "सगळं परत आलंच, आता काय" म्हणून वडापावच्या गाडीकडे वळतात.

6 जुलै, आषाढी

एकादशी, दुप्पट खाशी. घरात खिचडीचा बेत, म्हणून कच्चं सामान माझ्या वाटणीपुरतं तोललं: साबुदाणा 60 ग्रॅम, दाण्याचं कूट 30, तूप दोन चमचे, अर्धा बटाटा. पाचशेच्या वर कॅलरी. प्रथिनं जी काही आहेत ती दाण्यांची, सात-आठ ग्रॅम. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. दोन तासांत परत भूक.

खिचडी अर्धी वाटी घेतली, बाकी दही आणि काकडीची कोशिंबीर. पुढच्या एकादशीला भगर आणि दाण्याची आमटी, तीही भगर कमी, आमटी जास्त.

आकडे काढताना भाकरीही तोलली. आमच्याकडे "डाएटला भाकरी बरी" हे ठरलेलं वाक्य. ज्वारीचं पीठ आणि कणीक, शंभर ग्रॅममागे कॅलरी जवळपास सारख्याच. सासूबाईंची एक भाकरी 80 ग्रॅम पिठाची, माझी पोळी 30-32 ग्रॅम कणकेची. एक भाकरी म्हणजे अडीच पोळ्या! भाकरीला तेल लागत नाही आणि ती सावकाश चावून खावी लागते, हे तिचे खरे गुण. पण "एकच तर भाकरी खाल्ली" याला अर्थ नाही.

19 जुलै

पाणी स्थिरावलं. मागच्या दोन आठवड्यांची सरासरी 70.5. हीच मधली रेघ. 69.4 विसरायचं, तो आकडा रिकाम्या साठ्याचा होता.

आता चार्ट कोणता? आमचा नेहमीचा, वॉल्टर शूहार्टने 1924 मध्ये काढलेला कंट्रोल चार्ट (मधली रेघ, वर-खाली दोन हद्दी, माप त्यांच्या बाहेर गेलं की कारण शोधायचं) तसाच लावून पाहिला. रोजच्या फरकांची सरासरी गुणिले 2.66, तेवढं रेघेच्या वर आणि खाली. जमलं नाही. त्या चार्टला एकेक माप एकमेकांपासून सुटं लागतं. आजचं वजन कालच्याला धरूनच चालतं. शिवाय पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस किलोभर पाणी चढतं ते वेगळंच. दर महिन्याला खोटा अलार्म वाजणार आणि मग खऱ्यालाही कुणी विचारणार नाही.

म्हणून सात दिवसांची चालती सरासरी, आणि हद्दी बाहेरून घेतल्या. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये रीना विंग यांनी वजन उतरवलेल्या 314 लोकांवर एक चाचणी केली, 2006 ची. रोज वजन करायचं आणि रंगांचे पट्टे पाळायचे. सुरुवातीच्या वजनापेक्षा साधारण 1.4 किलोपर्यंत हिरवा, त्यापुढे पिवळा, 2.3 किलो किंवा जास्त झालं की लाल. रंग बदलला की काय करायचं ते आधीच ठरलेलं. समोरासमोर भेटणाऱ्या गटाचं वजन दीड वर्षात सरासरी अडीच किलो परत आलं, नुसतं पत्रक मिळणाऱ्यांचं जवळपास पाच.

माझा रिॲक्शन प्लॅन:
हिरवा, 71.9 च्या खाली: काहीही बदलायचं नाही. जास्त शहाणपणा करून कमी खायचंही नाही.
पिवळा, 71.9 ते 72.8: दुपारच्या जेवणाऐवजी पेय, चार आठवडे किंवा हिरव्यात येईपर्यंत.
लाल, 72.8 च्या वर: दोन जेवणांऐवजी पेय, आणि डॉक्टर मॅडमना फोन. आठवडाभरात, "पुढच्या महिन्यात बघू" नाही.

पेयाची कल्पना डायरेक्टचीच. तिथे दोन किलोवर परत आलं की काही आठवडे एखाद-दुसरं जेवण बदलत, चार किलोवर गेलं तर पुन्हा पूर्ण पेयावर. माझ्या उंचीला चार किलो फार ढिले वाटले, म्हणून हद्द आवळली.

पावडरची आठ पाकिटं कपाटात वरच्या खणात ठेवली. स्पेअर पार्ट स्टोअरमध्ये नसेल तर ब्रेकडाउन लांबतो.

25 जुलै

दुपारी चार. कँटीनमध्ये समोसे निघतात त्या वासाने आज डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. डाएट चालू असताना ही भूक नव्हती, आता आहे. बरोबर उलटं व्हायला हवं ना?

तर नाही. मेलबर्नच्या एका अभ्यासात (2011) पन्नास लोकांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरीवर ठेवलं. पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन खाली गेलं, भूक लावणारं घ्रेलिन वर. हे होणारच. पण वर्षभराने तपासलं तरी ते मूळ पातळीवर आलं नव्हतं. वजन थोडं परत आलेलं असूनही.

केविन हॉल आणि सहकाऱ्यांचं गणित मला त्याहून उपयोगी वाटतं. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च 20-30 कॅलरींनी घटतो. भूक मात्र सुमारे 100 कॅलरींनी वाढते. माझ्या अकरा किलोंना लावून बघा: खर्च तीनशेच्या आसपास कमी, आणि भूक अकराशे कॅलरींनी जास्त! गप्पांमध्ये सगळे "मेटाबॉलिझम मंदावला" म्हणतात. मंदावतो, खोटं नाही. पण त्याच्या तिपटीहून जास्त जोर भुकेचा आहे. म्हणजे प्लॅन भुकेसाठी हवा.

चारच्या भुकेसाठी: उकडलेली दोन अंडी, किंवा भाजलेले चणे मूठभर आणि ताक. डबा घरून. समोसा निघायच्या आधी, साडेतीनलाच खायचं. एकूण दिवस 1650 कॅलरींच्या आसपास, प्रथिनं 75 ग्रॅम. प्रथिनांवर भर देण्यामागे युरोपातल्या आठ देशांतली 2010 ची डायोजेनिस चाचणी आहे. आठ आठवडे 800 कॅलरी आणि मग वेगवेगळे आहार. प्रथिनं थोडी जास्त आणि साखर हळू चढवणारं धान्य, या गटाचं वजन सगळ्यांत चांगलं टिकलं.

75 ग्रॅम गाठणं आपल्या ताटात सोपं नाही. वरणाची वाटी पाच-सहा ग्रॅम देते. आमच्याकडचं पातळ वरण त्याहून कमी, त्याला वरण म्हणणं हाच आदर.

9 ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

आज खरा आकडा सापडला. किराणा यादी लिहिताना सासूबाई म्हणाल्या, "पाच लिटरचा डबा संपत आला, महिनाही झाला नाही." घरात चार माणसं. पाच लिटर तेल म्हणजे साडेचार किलो. तीस दिवस, चार जण: माणशी रोज 38 ग्रॅम. सुमारे 340 कॅलरी नुसत्या तेलाच्या. तूप, दाणे, खोबरं वेगळं.

डब्यातली पळी तोलली. काठोकाठ भरली तर 11 ग्रॅम, शंभर कॅलरी. आईंचा (म्हणजे सासूबाईंचा) हात भाजीला तीन पळ्या, आमटीच्या फोडणीला एक, कांदा परतताना "चिकटतंय गं" म्हणून आणखी एक. मी कितीही पोळ्या मोजल्या तरी हे मोजमाप माझ्या वहीबाहेर होत होतं.

आईंना "तेल कमी घाला" म्हणून सांगण्यात अर्थ नाही, चाळीस वर्षांचा हात आहे तो. त्याऐवजी डबा बदलला. तीन लिटरच आणायचं आणि ते महिनाभर पुरवायचं, कसं ते त्यांनी ठरवायचं. त्यांना हे आव्हान आवडलेलं दिसतंय. माझ्याच मापाची एक छोटी पळी त्यांनी जुन्या भांड्यांतून शोधून काढली. तीन लिटरचा हिशेब माणशी 23 ग्रॅम, म्हणजे रोज 130-140 कॅलरी प्रत्येकाच्या वाचल्या आणि कुणाच्या ताटातला घास कमी झाला नाही.

नारळीभात झाला. खाल्ला.

14 ऑगस्ट

केस. न्हाणीच्या जाळीवर रोज गुंताच्या गुंता. त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन आले: झपाट्याने वजन उतरलं की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, काही महिन्यांत थांबतात. लोह आणि प्रथिनं बघा म्हणाले. रक्ततपासणीत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) कमी निघालं, गोळी सुरू. तेलमालीशचे सल्ले दिवसाला सरासरी दोन.

2 सप्टेंबर

गौरी-गणपती. पाच दिवसांचा गणपती, पंगत, उकडीचे मोदक, पुरणपोळी, आत्यांचा आग्रह. "बारीक झालीस गं, काही दुखणं-बिखणं नाही ना?" आणि लगेच त्याच ताटात दुसरा मोदक. शेजारच्या काकांचा ठरलेला प्रश्न, "दीक्षित की दिवेकर?" दोन्ही नाही म्हटलं तर कुणाचा विश्वास बसत नाही.

चार्टवर या दिवसांना 'स्पेशल कॉज' (नेहमीच्या चढउताराबाहेरचं कारण) म्हणून खूण केली. सरासरी 71.2. हिरवा. प्लॅन म्हणतो काही करू नका, काही केलं नाही.

14 सप्टेंबर

पिवळा. 72.1.

आता कारण शोधायचं. सणाचे दिवस संपले होते आणि सरासरी खाली यायच्या ऐवजी चढत राहिली. वही चाळली. 4 तारखेपासून ऑडिटमुळे माझी दुसरी पाळी लागली आहे. दुपारी तीन ते रात्री साडेअकरा. म्हणजे जेवण दुपारी घरी, मग आठला कँटीन, मग घरी आल्यावर "थोडंसं". ते थोडंसं म्हणजे गार पोळीचा चहाबरोबर कुस्करा, कधी फरसाण. चौथं जेवण हिशेबात नव्हतंच. सकाळचं चालणंही बंद, कारण झोप एकला.

पुरणपोळीवर ठपका ठेवणं सोपं होतं. कारणीभूत शिफ्ट निघाली.

प्लॅनप्रमाणे उद्यापासून कँटीनच्या आठच्या जेवणाऐवजी पेय. (लिहिलं होतं दुपारचं, दुसऱ्या पाळीत हेच बदलणं शहाणपणाचं.) घरी आल्यावर गरम दूध, बस. चालणं दुपारी बाराला, सोसायटीच्या आत, उन्हात छत्री घेऊन. लोक बघतात, बघू देत.

28 सप्टेंबर

71.3. दोन आठवड्यांत हिरव्यात आलं. नवरात्राचे उपास आईंचे, माझे नाहीत. यंदा तसं सरळ सांगितलं. पाळीही बदलली.

एक गोष्ट लक्षात आली. पिवळ्यात गेल्यावर जे केलं ते 14 तारखेला ठरवलं नव्हतं, जुलैत ठरवून ठेवलं होतं. त्या रात्री मला विचारलं असतं तर मी "दिवाळीनंतर बघू" म्हणाले असते. येरे माझ्या मागल्या तिथूनच सुरू होतं.

12 ऑक्टोबर

डिस्पॅचमधल्या सहकाऱ्याने वजनाचं आठवड्याचं इंजेक्शन घ्यायला सुरुवात केली आहे. मार्चपासून ती औषधं इथेही मिळू लागलीत. त्याने हसत विचारलं, "ताई, एवढा चार्ट कशाला? टोचून घ्या की."

मला त्यात कमीपणा वाटत नाही. भूक जर अकराशे कॅलरींनी ओढत असेल तर तिला औषधाने आवरणं हा रास्त उपाय आहे. फक्त त्याला एक सांगितलं: सेमाग्लुटाइड या अशाच इंजेक्शनाच्या मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. म्हणजे पेयाने उतरवा की सुईने, टिकवण्याचं काम तिथेच उभं राहतं. त्याचा चार्ट काढून द्यायचं ठरलं. त्याची मधली रेघ अजून खाली सरकतेय, म्हणून सध्या नुसतीच नोंद.

26 ऑक्टोबर

दिवाळी. फराळ घरी केला, पण यंदा तीन मोठे डबे भरून ओट्यावर ठेवले नाहीत. रोज संध्याकाळी माणशी एक ताटली, बाकी वर माळ्यावर. बेसनाचा लाडू तोलला, 40 ग्रॅम, दोनशे कॅलरी. लाडू कळतो तरी, एक खाल्ला ते लक्षात राहतं. चिवडा कळत नाही. टीव्हीसमोर मूठ मूठ करत किती गेला ते सांगता येत नाही. म्हणून चिवड्याला वाटी आणि चमचा सक्तीचा. लेकीने त्यावर भरपूर टिंगल केली.

भाऊबीजेला माहेरी दोन दिवस. काटा नेला नाही.

आजची सरासरी 71.6. हिरवा, पण काठावर.

29 नोव्हेंबर

एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी) 6.1. सुरुवातीला 7.1 होतं. गोळी बंद करून तीन महिने झाल्यावरही 6.5 च्या खाली असेल तर त्याला रेमिशन म्हणतात. मॅडमनी फाइलवर तसं लिहिलं आणि दर वर्षी डोळे, पाय, मूत्रपिंडं तपासायचीच हे बजावलं. वजन 70.8. त्यांनी कंबरही मोजली, 86 सेंमी. आपल्या बायकांसाठी हद्द 80. पुण्याच्या केईएममधले डॉ. याज्ञिक कित्येक वर्षं हेच सांगताहेत की आपली माणसं वजनाने बारीक दिसली तरी आतून चरबी जास्त. त्यांचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो 2004 मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या हिशेबात वजन) अगदी सारखा, 22.3, एकाची चरबी 9 टक्के, याज्ञिकांची 21. तेव्हा नुसता काटा पुरेसा नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी कंबर, टेप त्याच जागी, श्वास सोडल्यावर. चार्टवर दुसरी रेघ.

चालणं आता बहुतेक दिवशी तासाच्या आसपास, दोन तुकड्यांत. अमेरिकेतल्या नोंदवहीत (1994 मध्ये सुरू झालेली, 13.6 किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्यांचीच) नव्वद टक्के लोक सरासरी तासभर व्यायाम करतात आणि बहुतेकांचा व्यायाम चालण्याचाच. त्या लोकांनी स्वतःहून नाव दिलेलं आहे, त्यामुळे ते सगळ्यांचं चित्र नव्हे. तरी तास हा आकडा मला पटतो. शिवाय बैठका आणि लेकीचे डंबेल, आठवड्यातून तीनदा.

17 जानेवारी 2026

संक्रांत झाली. तिळगूळ, गुळाची पोळी वर तुपाची धार. सरासरी 70.9.

चार्टमध्ये आजचे बदल:

मधली रेघ 70.5 वरच. ती 71 करावी असा मोह होता, गेले दोन महिने वजन तिथेच खेळतंय. पण प्रोसेस सरकली म्हणून ड्रॉइंग बदलायचं नसतं.

रात्रीच्या नोंदीत 'चौथं जेवण' असा रकाना वाढवला. शिफ्ट बदलली की पहिले दहा दिवस तो भरणं सक्तीचं.

रोजच्या कॅलरी लिहिणं बंद. सहा महिन्यांत माझा अंदाज बराच बसला आहे आणि सरासरी सगळं सांगतेच. पिवळ्यात गेलं तरच पुन्हा सुरू. तेलाचा डबा मात्र आईंच्या हिशेबात आहे, तिथे माझी लुडबुड नको म्हणून त्यांनी बजावलंय. डिसेंबरात अडीच लिटरवर आणलं.

फेब्रुवारीत पुन्हा दुसरी पाळी, मग लागोपाठ तीन लग्नं. पाकिटं तीनच उरली आहेत. सोमवारी मागवायची.